डॉक्टर हू कानांनी : ५२ झाल्या, २२३ राहिल्या

काल रात्री 'स्केर्त्सो' संपवली आणि वहीत बावन्नावी फुली मारली. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका: काळात भटकणारा डॉक्टर, अधूनमधून नवा चेहरा घेणारा, म्हणून नटही बदलत जाणारा. बिग फिनिश या कंपनीने तिची मासिक ध्वनिनाट्यं जुलै १९९९ पासून मार्च २०२१ पर्यंत काढली, क्रमांक गेला २७५ वर. मी ती क्रमाने ऐकते आहे, एकही न गाळता. बदलापूरहून सीएसएमटीला जाताना दोन भाग, येताना दोन. बहुतेक गोष्टी चार भागांच्या आणि एक भाग साधारण पंचवीस-तीस मिनिटांचा, त्यामुळे दुसऱ्या भागाचा क्लिफहँगर नेमका ऑफिसच्या लिफ्टपाशी येतो. मग दिवसभर डॉक्टर तिकडे लटकलेला आणि मी इकडे एक्सेलमध्ये.

आतापर्यंतच्या नोंदींत मी दहापैकी गुण देत होते. ते सगळे या आठवड्यात खोडले. कारण आई.

रविवारी मटार सोलताना फोन ओट्यावर ठेवून 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' (२९वी, २००२) दुसऱ्यांदा लावली होती. एडवर्डियन काळातलं घर, नाताळची आदली रात्र, घड्याळाचे टोल पडले की कुणीतरी नोकर मरतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. लेखक रॉबर्ट शिअरमन. आईला इतकं भराभर बोललेलं इंग्रजी कळत नाही. दहाएक मिनिटांनी म्हणाली, "घर मोठं आहे गं, पण मालक घरात नाहीत." मी थक्क. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणे, "घड्याळ किती ऐकू येतंय बघ. भरल्या घरात घड्याळ एवढं ऐकू येत नाही."

आकाशवाणीवरच्या नभोनाट्यांवर वाढलेला कान आहे तो. आता माझी कसोटी एकच: शब्द कळले नाहीत तरी आपण कुठे आहोत आणि तिथे काय बिनसलंय, हे कळतं का? गोष्ट आवाजात घडते का, की पडद्यावर घडलेली कुणीतरी आपल्याला वाचून दाखवतंय?

लगेच पहिली, 'द सायरन्स ऑफ टाइम', आईला ऐकवली. निकोलस ब्रिग्जने लिहिलेली, तीन डॉक्टर एकत्र: पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्वेस्टर मॅकॉय. तिघांना एकेक भाग आणि चौथ्यात तिघांची गाठ. १९१५ सालची जर्मन पाणबुडी आहे, लुसिटानिया जहाज आहे, अवकाशयान आहे. आई म्हणाली, "सगळे ओरडतायत, पण आहेत कुठे?" मी हिला पूर्वी सात गुण दिले होते. ते गुण खरं तर आनंदाचे होते. मालिका टीव्हीवरून १९८९ मध्ये गेली, १९९६ चा एक टेलिफिल्मचा अपवाद सोडला तर २००५ पर्यंत परतली नाही, आणि त्या दुष्काळात खरेखुरे नट पुन्हा डॉक्टर म्हणून बोलायला लागले. तेव्हा ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल ते समजू शकते. पण आज ऐकताना ती पहिली आहे म्हणूनच ऐकायची.

तसं पाहिलं तर ही मालिका कानांनी ऐकायची सवय फार जुनी. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग बीबीसीने पुसून टाकले, पण त्या काळात काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची, म्हणून हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज तेवढा शिल्लक आहे. चित्र गेलं, आवाज राहिला. टार्डिसचा, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाचा, तो घरघराटसुद्धा ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या तारांवर किल्ली घासून काढलेला.

'द मेरियन कॉन्स्पिरसी' (६वी, २०००) कसोटीला जेमतेम उतरते, तरी मी ती कुणालाही देईन. तिथे एव्हलिन स्माइथ येते. इतिहासाची प्राध्यापिका, वय पंचावन्नच्या आसपास, चॉकलेटची भक्त, आणि डॉक्टरला "जरा थांबा, आधी मला सांगा" म्हणून दटावणारी. मॅगी स्टेबल्सचा आवाज कॉलिन बेकरच्या आवाजाशी असा जुळतो की दोघं नुसती भांडत बसली तरी चालेल. टीव्हीवर बेकरला पुरती संधी मिळालीच नाही; १९८६ नंतर त्याला काढून टाकलं. इथे मात्र तो पाचही बोटांनी जेवलाय. माझ्या मते मासिक मालिकेतला सगळ्यात चांगला डॉक्टर तोच, टेलिफिल्मवाल्या डॉक्टरच्या, पॉल मॅकगॅनच्या, प्रेमींनी हवं तर रागवावं. राणी मेरी ट्यूडरला डॉक्टर समजावतो तो प्रसंग ऐका: माणसं जाळून आपण त्यांचे आत्मे वाचवतो आहोत यावर तिचा मनापासून विश्वास आहे, आणि तिच्या आवाजात क्रौर्य औषधालाही नाही. ते जास्त भीतीदायक.

'स्टॉर्म वॉर्निंग' (१६वी, जानेवारी २००१): पॉल मॅकगॅनचं पहिलं ध्वनिनाट्य. सुरुवातीला डॉक्टर टार्डिसमध्ये एकटाच आहे, त्यामुळे बाहेर काय दिसतंय ते स्वतःलाच सांगत सुटतो. ध्वनिनाट्यातला हा जुनाच रोग, "अरे, तुझ्या हातात हे पिस्तूल कसलं?" या जातीचा. पण तो आर१०१ या हवाई जहाजावर पोचला की गोष्ट सावरते. हे जहाज खरं. ४ ऑक्टोबर १९३० ला इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून कराचीला निघालं आणि पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळालं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे जहाज एका अर्थी आपल्याकडेच यायला निघालं होतं. त्यात चोरून चढलेली चार्ली पोलार्ड (इंडिया फिशर) इतिहासाप्रमाणे मरायला हवी आणि डॉक्टर तिला वाचवतो. पुढची दोन-तीन वर्षं सगळं दुखणं त्या एका वाचवण्यातून निघतं.

'स्पेअर पार्ट्स' (३४वी) बद्दल इतकं लिहून झालंय की भीड वाटते. मार्क प्लॅट, २००२, डेव्हिसन आणि त्याची साथीदार नायसा (सारा सटन). मोंडास ग्रहावर जमिनीखालचं शहर, जगायचं असेल तर शरीराचे तुकडे एकेक करून बदलत जायचे, आणि त्यातून सायबरमेन, म्हणजे भावना हरवलेली अर्धी यंत्रं. पण हे सगळं हार्टली नावाच्या एका साध्या घरातून कळतं. मुलीला 'कामासाठी' बोलावणं येतं. ती परत येते तेव्हा आपल्याला तिचा फक्त आवाज ऐकू येतो, १९६६ च्या पहिल्या सायबरमेनसारखा, चुकीच्या जागी हेल काढणारा, आणि समोर बाप. टीव्हीवर ही जुनी चाल हास्यास्पद वाटते म्हणतात. इथे मी अंबरनाथला उतरून बाकावर बसले आणि पुढची गाडी घेतली. २००६ मध्ये टीव्हीवर सायबरमेन परतले ते याच गोष्टीची प्रेरणा घेऊन, पण हार्टलींच्या स्वयंपाकघराची सर त्याला नाही.

तसंच 'जुबिली'चं (४०वी). एकट्या कैदी डॅलेकची (डॅलेक म्हणजे डॉक्टरचे जुने शत्रू) तीच कल्पना शिअरमनने २००५ मध्ये टीव्हीच्या 'डॅलेक' भागात वापरली. टीव्हीचा भाग जास्त नेटका, ध्वनिनाट्य जास्त विषारी. मला विषारी आवडलं.

मधल्या काही गोष्टी चटकन उरकते. 'क्रिएचर्स ऑफ ब्यूटी' (४४वी): प्रसंग उलटसुलट क्रमाने. गाडीत ऐकू नका, एक स्टेशन चुकलं की सगळंच चुकतं. 'फ्लिप-फ्लॉप' (४६वी): दोन डिस्क, एक पांढरी, एक काळी, कुठूनही सुरू करा, एकीचा शेवट दुसरीची सुरुवात. युक्ती भारी, माणसं लाकडी. मी काळीपासून सुरू केली आणि अजूनही वाटतं की पांढरी आधी हवी होती, पण तसं प्रत्येकालाच वाटत असावं.

'झॅग्रियस' (५०वी, २००३). चाळिसाव्या वाढदिवसाचं जेवण, तीन डिस्कचं. तीन जुने डॉक्टर येतात, पण डॉक्टर म्हणून नव्हे, भलत्याच भूमिकांत. १९९६ मध्ये वारलेल्या जॉन पर्टवीचा आवाजही आहे, चाहत्यांनी काढलेल्या एका फिल्मसाठी त्याने केलेल्या कामातून घेतलेला. तो कानावर आला की अंगावर काटा येतो. बाकी मी दोनदा सोडली आणि तिसऱ्यांदा इस्त्री करता करता संपवली. अकरा कुडते झाले. ज्यांना ही फार आवडते त्यांनी नकाशा काढून द्यावा, मी प्रामाणिकपणे चौथ्यांदा ऐकेन.

आणि त्या गोंधळानंतर दोनच क्रमांकांनी 'स्केर्त्सो'. पुन्हा शिअरमन, डिसेंबर २००३. फक्त दोन आवाज, मॅकगॅन आणि फिशर. टार्डिस नाही, काळ नाही, दुसरं विश्व. सगळीकडे इतका पांढरा उजेड की काही दिसत नाही. दोघं हात धरून चालतायत, संवेदना एकेक करून जातायत, आणि तिथे जे जिवंत आहे ते आवाजाचं बनलेलं आहे. टीव्हीवर हे करता येणारच नाही, दाखवायला काही उरतच नाही. प्रत्येक भागाआधी डॉक्टर एका राजाची गोष्ट सांगतो. ती आधी परीकथेसारखी गोड वाटते आणि मग वाटेनाशी होते. मधे दोघांचं भांडण आहे, एकानं दुसऱ्यासाठी जीव ओवाळून टाकला तर त्याचं ओझं कुणी उचलायचं, यावर. त्या भांडणासाठीच आधीच्या पन्नासांची तंगडतोड केली असं समजायला माझी हरकत नाही.

पहिल्यांदा मी ही लेडीज डब्यात लावली. चूक. शेजारी कानातले विकणारी बाई, वर पंखा, चौथी सीट मिळवण्यावरून वाद. काहीच पोचलं नाही. काल रात्री दिवे मालवून, बंद कानांचे हेडफोन लावून पुन्हा ऐकली. तिसऱ्या भागात हेडफोन काढून खात्री करावी लागली की तो श्वास खोलीतला नाही.

आईला पाच मिनिटं ऐकवली. तिने हेडफोन परत केले आणि म्हणाली, "बंद कर आणि दिवा लाव आधी."

सोमवारपासून ५३वी, 'द क्रीड ऑफ द क्रोमॉन'. तिथे सी'रिझ हा नवा साथीदार येतो. ज्यांनी ऐकली आहे त्यांनी फक्त एवढंच सांगा: गाडीत चालेल की घरी ऐकू?