तुम्ही विचारलंत म्हणून: बाजाराच्या पदाला आम्ही वन्समोर का घेत नाही

आमच्या मलिक अंबरावरच्या संगीत नाटकाचा प्रयोग संपला की कोणीतरी आत येऊन विचारतंच, पहिल्या अंकातलं बाजाराचं पद एवढं रंगतं, लोक वन्समोर देतात, मग घेत का नाही? पद मी लिहिलंय, म्हणून मीच सांगतो.

अंबर जन्मला इथिओपियात, १५४८च्या सुमारास, नाव चापू. पोरवयातच विकला गेला, मोखा बंदरात, मग बगदादला, तिथल्या मालकाने त्याचं नाव अंबर ठेवलं, आणि शेवटी अहमदनगरला निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतलं, जो स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम. पुढे अंबराने मोगलांना कसं दमवलं, खडकी म्हणजे नंतरचं औरंगाबाद कसं वसवलं, ते सगळे भरभरून सांगतात, पण विकला गेला हे एका ओळीत उरकतात.

आधी मी आईचा विलाप लिहिला होता. तालमीत सगळे रडले आणि पाच मिनिटांत चहा प्यायला गेले, ते मला फार लागलं. मग गुलामांच्या नावांवर अडकलो. अंबर, काफूर, संदल, याकूत, मर्जान. अंबर हे सुगंधी द्रव्य, बाकीची म्हणजे कापूर, चंदन, माणिक, पोवळं. माणसांना अत्तरांची आणि रत्नांची नावं! तेव्हा पद दलालाच्या तोंडी दिलं, केरवा तालात, नुसती नावं आणि "घ्या हो घ्या". पहिल्या कडव्याला लोकांना अत्तराचं दुकान वाटतं, ठेका धरतात. दुसऱ्यात दलाल म्हणतो दात बघा, खांदे बघा, आणि एक पोरगं पुढे ढकलतात. नाव विचारल्यावर ते "चापू" म्हणतं, गात नाही, नुसतं बोलतं, तेही तालातल्या 'खाली'च्या, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर, तबलाही तिथे गप्प ठेवलाय. लगेच समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, मालक गातो, "अंबर".

पहिल्या प्रयोगात वन्समोर घेतला होता, संगीत नाटकाची रीतच ती. तर चापूचं काम करणारा नऊ वर्षांचा मुलगा शहाण्यासारखा मागे आपल्या जागेवर गेला आणि सुटलेली दोरी त्याने स्वतःच परत मनगटात अडकवून घेतली. मला विंगेतून बघवेना. त्याच रात्री ऑर्गनवाल्यांना सांगितलं, शेवटच्या सुरावर रेंगाळायचं नाही, टाळ्या चालू असल्या तरी पुढचा प्रवेश सुरू.

परवाही मागच्या रांगेतून "वन्समोर" आलाच. तोवर पोरगं दोरीमागे चालत विंगेत गेलं होतं.