दऱ्यांचा दर्या झाला, तो दिवस

मुद्रिते तपासायला मी सकाळी सात वाजता बसलो आणि पाच-सहा पानांतच एका वाक्यावर अडलो. “रझाकारांच्या भीतीने आम्ही लेकरे पोटाशी धरून दर्यांत लपून बसलो,” असे तिथे उमटले होते. रझाकार म्हणजे निजामाची सत्ता टिकवू पाहणारे सशस्त्र स्वयंसेवक. सांगणारी आजी बालाघाटातल्या एका वस्तीवरची, आयुष्यात समुद्र न पाहिलेली. ती बोलली होती आमच्या अंबाजोगाईच्या मुलखातल्या दऱ्यांविषयी.

मराठवाडा निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. त्या घटनेला ५० वर्षे होत असताना, १९९८ साली, मी बीड आणि लातूर जिल्ह्यांत हिंडून त्या काळाच्या साक्षीदारांना टेपरेकॉर्डरवर बोलते केले होते. ते ऐकून मी हाताने लिहून काढले, डीटीपी करणाऱ्या मुलाने टंकले आणि पुस्तक झाले. आता दुसऱ्या आवृत्तीसाठी तीच जुनी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकीय अक्षरसंकेतात, रूपांतरित करून घेतली होती.

दोष कुठे शिरला, हे समजायला वेळ लागला नाही. त्या वेळच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर म्हणजे इंग्रजी कळीवर बसवलेले चित्र असे. ‘कि’ हवा असेल तर आधी वेलांटी आणि मग क टंकायचा. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणजे आधी क, मग वेलांटी. रूपांतरात वेलांट्या जागेवर आल्या होत्या, परंतु ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या र ची खूण गळाली आणि त्याच्या जागी रफार चढला. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’, ‘पायऱ्या’ हे सगळे शब्द असेच बिघडले होते. मराठीत हा फरक केवळ दिसण्याचा नाही. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यानंतरची चूक माझी. हाती साधन आहे, तर एकेक शब्द कशाला शोधा, असे वाटून मी जिथे जिथे ‘र्य’ असेल तिथे ‘ऱ्य’ घालण्याची आज्ञा संगणकाला दिली. क्षणात शेकडो जागा बदलल्या. मग वर जाऊन पाहतो, तर सूर्याचा ‘सूऱ्य’ झाला होता, कार्यकर्त्यांचे ‘काऱ्यकर्ते’ झाले होते आणि ‘स्वातंत्र्य’ हा शब्द पानोपानी मोडला होता, कारण ‘त्र्य’ या जोडाक्षराच्या पोटातही र आणि य लागूनच असतात. मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकात नेमका तोच शब्द मोडलेला पाहून मला फार वाईट वाटले. रूपांतरित फाइलची वेगळी प्रत ठेवण्याची सवय असल्यामुळे निभावले.

दुपारी मी बराच वेळ या सवयींचाच विचार करत होतो. हाताने लिहीत असे तेव्हा खाली कार्बन घातलेला असे आणि एक शब्द बदलायचा तर पान पुन्हा लिहावे लागे, म्हणून वाक्य डोक्यात पुरते घडल्याशिवाय पेन कागदाला लागत नसे. संगणक आल्यावर मी अर्धे वाक्य टंकून त्याच्याकडे बघत विचार करू लागलो. याने माझे लेखन सुधारले, असे मी मनापासून मानतो. रचना हलवून पाहण्याचे धैर्य मला पडद्यानेच दिले. परंतु पूर्वी लिहिण्याआधी असणारे लक्ष आता लिहून झाल्यावर द्यावे लागते, आणि ते दिले नाही तर चूक हजार जागी पसरते. याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर ओव्या लिहिल्या; तीच त्यांची पासोडी. त्या कापडावर ओवी उतरवताना हात किती ठाम असला पाहिजे, हा विचार त्या दुपारी सारखा मनात येत होता.

हस्तलिखित छापखान्यातच हरवले होते, त्यामुळे पडताळ्याला उरल्या त्या कॅसेट. शेजाऱ्यांकडून टेपरेकॉर्डर मिळाला. आजीची कॅसेट लावण्यापूर्वी करंगळीने चाक फिरवून फीत ताणून घेतली. आधी खरखर, मग कोंबड्याचे आरवणे आणि मग तिचा आवाज आला: “लेकरं पोटाशी धरून आमी दऱ्यात दडून बसलाव.”

मी ते वाक्य तीनदा ऐकले. दऱ्या तर तिने सांगितल्याच होत्या, पण ‘लपून बसलो’ हे तिचे शब्दच नव्हते. तिचे ‘दडून बसलाव’ १९९८ साली मीच, माझ्याच हाताने, शुद्ध करून टाकले होते. कोणत्याही यंत्राने नव्हे, प्रमाण भाषेत लिहिण्याच्या माझ्या सवयीने तो शब्द काढला होता, आणि तिला विचारायला आता ती नाही.

वेगळी ठेवलेली फाइल उघडून मी ते वाक्य तिच्या तोंडून आले तसे टंकले. ‘बसलाव’ खाली लगेच लाल रेघ उमटली; ती तशीच राहू दिली. संध्याकाळी प्रकाशकांना फोन करून सांगितले, की यंदा १७ सप्टेंबरपर्यंत पुस्तक होणार नाही, कारण उरलेल्या बावीस कॅसेट मला पहिल्यापासून ऐकायच्या आहेत.