हँडीची नोंदवही: स्पेस स्टेशनसाठी पाच चॅनल आणि सगळ्यांना मिळून एकच स्क्वेल्च

हौशी रेडिओच्या लोकल रिपीटरचे (आलेला सिग्नल उचलून पुन्हा सोडणाऱ्या यंत्राचे) चॅनल भरून झाल्यावर यूव्ही-५आर या माझ्या हँडीत, म्हणजे हातातल्या वायरलेस सेटमध्ये, आता आयएसएसचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा, रिपीटर बसवायला घेतलाय. चॅनल बसले. गाडी अडली ती स्क्वेल्चपाशी, म्हणजे सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणाऱ्या सोयीपाशी, त्यामुळे ही नोंद निम्म्याहून जास्त त्याबद्दलच आहे.

आधी चॅनल. स्टेशनच्या कोलंबस मॉड्यूलमधला क्रॉसबँड रिपीटर (एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर सोडणारा) सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला. अपलिंक (आपण बोलायची फ्रिक्वेन्सी) १४५.९९० मेगाहर्ट्झ, सोबत रिपीटर उघडणारा ६७.० हर्ट्झचा टोन, आणि डाउनलिंक (आपण ऐकायची) ४३७.८००. स्टेशन सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पळतं, म्हणजे डॉप्लर, वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकणं, आलाच. ते क्षितिजावर उगवतं तेव्हा डाउनलिंक साधारण दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येतं आणि मावळताना तेवढंच खाली. दोन मीटर बँडवर, म्हणजे अपलिंकला, हाच फरक साडेतीनच्या आसपास असतो, तो एफएममध्ये खपून जातो. म्हणून अपलिंक पाचही चॅनलला तेच ठेवलं, आणि रिसीव्ह ४३७.८१० पासून पाच-पाच किलोहर्ट्झने उतरत ४३७.७९० पर्यंत. नंबर १०१ ते १०५. वरची फ्रिक्वेन्सी १०१ ला दिली की पासभर, म्हणजे स्टेशन उगवून मावळेपर्यंत, फक्त वरचा बाण दाबायचा, अंधारात विचार करावा लागत नाही. टोकाचे दोन चॅनल बराच वेळ पुरतात, पण स्टेशन डोक्यावर आलं की मधले तीन बघता बघता संपतात. तिथे बोटं तयार हवीत.

चर्प या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये हे भरताना डुप्लेक्सच्या रकान्यात ‘स्प्लिट’ निवडायचं आणि ऑफसेटच्या रकान्यात फरक न लिहिता पूर्ण अपलिंक फ्रिक्वेन्सी लिहायची. टोन मोड ‘टोन’, ‘टीएसक्यूएल’ नव्हे. टीएसक्यूएल दिला की येणाऱ्या सिग्नलमध्येही टोन असल्याशिवाय स्पीकर उघडत नाही, आणि वरून येणाऱ्या सिग्नलात तो असेलच असं धरून चालता येत नाही. त्यातून टोन स्क्वेल्चने गोंगाट कमी होतो ही समजूतही सोडून द्यावी. गोंगाट असतो तिथेच असतो, आपल्याला फक्त तो ऐकू येत नाही.

लॅपटॉप नसेल तर कीपॅडवरूनही जमतं, पण क्रम पाळावा लागतो. फ्रिक्वेन्सी मोड, वरची ओळ, मेनू ७ म्हणजे ड्युअल वॉच बंद. मग मेनू १३ मध्ये ६७.० टोन. त्यानंतर रिसीव्हची फ्रिक्वेन्सी टाकून मेनू २७ ने रिकाम्या चॅनलवर सेव्ह. आवाज चालू असेल तर बाई ‘रिसीव्हिंग मेमरी’ म्हणतात. मग १४५.९९० टाकून त्याच चॅनलवर पुन्हा सेव्ह. आता ‘ट्रान्समिटिंग मेमरी’ ऐकू आलं पाहिजे. टोन नंतर चॅनल मोडमध्ये जाऊन बदलला तर टिकत नाही, म्हणून तो आधीच ठरवायचा. पाचही चॅनल असे भरायला चिकाटी लागते. मी केबलच वापरली.

केबलबद्दल एवढंच सांगतो की, ‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड’ आलं की ड्रायव्हर उलथापालथा करण्याआधी पिन जोर लावून पूर्ण आत गेली आहे का ते बघा. बॉडीची कडा आडवी येते आणि दीड-दोन मिलिमीटरची फट राहते. तेवढ्यानेच काम अडतं.

आता स्क्वेल्च. एफएममध्ये कॅरिअर (आवाज वाहून आणणारी मूळ लहर) नसताना डिटेक्टरमधून जो फस्सऽऽ आवाज येतो, तो बोलण्याच्या पट्ट्याच्या वरही भरपूर असतो. कॅरिअर आला की हा वरचा गोंगाट दबतो. साधा नॉइज स्क्वेल्च तेवढंच मोजतो आणि ठरवलेल्या पातळीखाली गेला की स्पीकर उघडतो. हँडीतली चिप सिग्नलची ताकदही बघते. मेनू ० मधले ० ते ९ हे नुसते नंबर आहेत; प्रत्येक नंबरामागे खरी पातळी वेगळी साठवलेली असते. माझ्या सेटात या पातळ्या एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की १ आणि ९ मध्ये कानाला फरकच जाणवत नव्हता. जिन्यातला एलईडी दिवा लागला की व्हीएचएफवर (दोन मीटर बँडवर) १ ही उघडायचा आणि ५ ही.

चर्पच्या सर्व्हिस सेटिंग्जमध्ये व्हीएचएफ आणि यूएचएफच्या (सत्तर सेंटिमीटर बँडच्या) पातळ्या वेगवेगळ्या लिहिता येतात. दोन बँडना दोन याद्या आहेत हे फार सोयीचं, कारण आमच्या गच्चीवर दोन मीटरला जेवढा कचरा आहे त्याच्या निम्माही सत्तर सेंटिमीटरला नाही. व्हीएचएफला १ नंबरला २४ ठेवून पुढे पाच-पाचने चढवत ९ ला ६४ पर्यंत नेलं. यूएचएफला सुरुवात त्याहून खालून केली, म्हणजे १ वर नुसता गोंगाट कसाबसा बंद राहतो आणि बारीकसा सिग्नलही दार उघडतो. आता ३ वर लोकल रिपीटर शांत बसतो आणि जिन्यातल्या दिव्याचा त्रास ६ ला थांबतो. हे आकडे तसेच उचलू नका. फर्मवेअर बदललं की अर्थ बदलतो, सगळ्या सेटांत हा भाग चालतोच असंही नाही. आणि काहीही लिहिण्याआधी सेटमधली मूळ इमेज (सगळ्या सेटिंग्जची फाइल) डाउनलोड करून बाजूला ठेवा.

तरीही स्पेस स्टेशनसाठी उत्तर ० हेच आहे. स्क्वेल्च चॅनलगणिक साठवता येत नाही, अख्ख्या सेटला एकच. पासमध्ये सिग्नल सतत वर-खाली होतो: स्टेशनचा अँटेना, आपल्या हातातला अँटेना, त्यांचं पोलरायझेशन, सगळं फिरत असतं. १ वर ठेवून ऐकलं तेव्हा एकाच्या कॉलसाइनमधलं (रेडिओवरच्या ओळखीच्या अक्षरांतलं) ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू’ आलं आणि पुढची अक्षरं दार बंद झाल्याने गेली. ० वर तोच माणूस फसफसीच्या आत बुडालेला असूनही कॉलसाइन पूर्ण कळलं. कान हा कुठल्याही स्क्वेल्चपेक्षा हुशार. इअरफोन लावा, व्हॉल्यूम कमी ठेवा, घरचेही खूश राहतात.

० वर जायला मेनू, ०, मेनू, ०, मेनू, एक्झिट एवढंच. डावीकडचं मॉनी बटण दाबून धरलं तरी स्क्वेल्च उघडतो, पण दहा मिनिटं अंगठा दाबून ठेवणार कोण? शिवाय बटण नुसतं टिचकलं तर टॉर्च लागतो, तो रात्री थेट डोळ्यांत.

सोबत हेही बघा. मेनू ३ ची बॅटरी सेव्ह बंद, नाहीतर पहिलं अक्षर गिळलं जातं. मेनू २३ चा बीसीएल बंद, कारण चॅनल व्यग्र आहे असं सेटला वाटलं की तो पीटीटी (बोलायचं बटण) दाबू देत नाही. मेनू ३९ चा रॉजर बीप (बोलणं संपलं की वाजणारा) तर कायमचाच बंद.

मेजरिंग टेपच्या पात्यांची यागी अँटेना लावल्यावर डाउनलिंक क्षितिजापासून दहा-बारा अंशांवरच उघडू लागलं. मग मोह झाला की दुसऱ्या हँडीवर स्वतःचाच डाउनलिंक ऐकावा, कारण ही हँडी बोलताना ऐकू शकत नाही. तिथे गणित आडवं येतं, कारण बोलणारा सेट तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही थोडा सिग्नल सांडतो. १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७०, म्हणजे डाउनलिंकपासून जेमतेम १७० किलोहर्ट्झवर. शेजारी पीटीटी दाबला की दुसरी हँडी बहिरी. एक वॉटवर आणि गच्चीच्या दोन टोकांना दोन सेट ठेवून थोडं सुधारलं, पण समाधान नाही. पुढचा प्रयोग यूएचएफच्या तोंडाशी फिल्टर.

१४५.८०० साठी १०६ नंबर वेगळा ठेवलाय. एसएसटीव्हीची (रेडिओवरून हळूहळू उमटणारी) चित्रं आणि शाळांचे संवाद बहुधा तिथे येतात. चर्पमध्ये त्याचा डुप्लेक्स ‘ऑफ’ केला, म्हणजे चुकून पीटीटी दाबला तरी काही बाहेर जात नाही. सेट १३६ पासून सगळीकडे बोलू शकतो, आपला परवाना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ एवढ्याचाच. त्यामुळे ऐकायच्या सगळ्याच चॅनलना मी असंच कुलूप घालतो.

१११ पासून पुढे एसओ-५० हा उपग्रह भरतोय: अपलिंक १४५.८५०, डाउनलिंक ४३६.७९५, टोन तोच ६७.०. फक्त त्याचा दहा मिनिटांचा टायमर झोपला असेल तर आधी ७४.४ ची टिचकी द्यावी लागते, म्हणून त्या टोनचा एक चॅनल पाचांच्या आधी. ज्यांनी यूएचएफच्या पातळ्या स्वतः लावल्यात त्यांनी १ ते ३ चे आकडे फर्मवेअरसकट कळवा, ताडून बघू.

७३ (म्हणजे शुभेच्छा), एमके६८ या ग्रिड चौकोनातून.