आरसा आधी उलटा करून बघा: जुन्या आरशांसाठी खान्देशची फेरी

जुना आरसा हवा म्हटलं की लोक थेट मुंबईचा चोर बाजार गाठतात. तिथे माल भरपूर आहे, पण तो इतक्या हातांतून आलेला असतो की चौकट एका घरची आणि काच भलत्याच घरची निघते. आम्ही नाशिकहून धुळे, अमळनेर, जळगाव आणि भुसावळ अशी फेरी केली. आरसा ज्या भिंतीवर होता ती भिंत खान्देशात पुष्कळदा अजून बघायला मिळते, आणि निवड करताना त्याचा फार उपयोग होतो. आम्हाला दिवाणखान्यासाठी एक मोठा आरसा हवा होता आणि दारातून आत आल्यावर लागणाऱ्या बोळासाठी एक लहान.

खान्देशात एवढे आरसे आले कुठून, याचं उत्तर कापसात आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. पेढ्या उभ्या राहिल्या, पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, सागवानी खांबांचे वाडे चढले. हंड्या-झुंबरांच्या जोडीला दिवाणखान्यात मोठा आरसा लावायचा, म्हणजे दिव्याचा उजेड दुप्पट दिसतो, अशी ती हौस होती. आता घरातली पोरं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत. वाडा उतरवला जातो, खांब-तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि त्यांच्याबरोबर आरसेही.

म्हणून इकडे येणाऱ्याने अँटिकचं दुकान शोधत बसू नये. जुन्या लाकडाची वखार कुठे आहे ते विचारावं. पावसाळ्याआधी बांधकाम सुरू करायचं म्हणून बरेच वाडे उन्हाळ्यात उतरवतात, त्यामुळे माल तेव्हा ताजा असतो. पण जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. माझ्या मते होळीच्या आसपास यावं.

धुळ्याला माझी नणंद असते. ती सोबत होती म्हणून बरंच काम सोपं झालं, कारण अहिराणीत बोलणारं माणूस बरोबर असलं की वखारवाला मागचा मालही काढतो. धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर आहेत, पत्ता सापडायला त्रास नाही. पहिल्याच वखारीत साडेतीन-चार फुटी आरसा भिंतीला टेकवून ठेवला होता. वर कोरीव कमान, खाली दोन मोर. वखारवाले काका नणंदेला म्हणाले, "ताई, हाऊ बेल्जियमना शे, शंभर वरीसना."

इथे जाड, कडेला पैलू पाडलेली काच दिसली की तिला सगळेच बेल्जियम म्हणतात. त्यात कुणी फसवत नाही, ती बोलायची रीत आहे. पण किंमत त्या नावावर ठरवू नये. मी काकांना आरसा उलटा करायला सांगितला.

जुन्या आरशाची खरी माहिती त्याच्या पाठीवर असते. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा यांचा थर देत. 1835 मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी बसवण्याची पद्धत शोधली आणि पुढे तीच चालू झाली. त्यामुळे आपण पारा उडाला म्हणतो तेव्हा बहुतेक आरशांत चांदी काळी पडलेली असते. चांदीच्या रक्षणासाठी मागून शेंदरी-तपकिरी रंग द्यायचे. तो रंग जागोजागी भेगाळलेला, कोरडा आणि हाताला खरखरीत लागला तर आशा धरावी. पाठ एकसारखी गुळगुळीत, हिरवी किंवा राखाडी असेल तर काच अलीकडे बदलली आहे. त्या जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून नखाने खरवडू नये आणि घरी आणून पॉलिश पेपर तर अजिबात मारू नये. क्वचित मागे रंगच नसतो, नुसता करडा चमचमता थर दिसतो. तो पाऱ्याचा आरसा. तसा मिळाला तर त्याला हात कमी लावावा, झोपण्याच्या खोलीत ठेवू नये आणि चौकटीच्या खालच्या खाचेत पाऱ्याचे थेंब जमलेत का ते आधी पाहावं.

मोरांच्या आरशाची पाठ प्लायवूडची होती. टॉर्च मारल्यावर स्क्रू दिसले, फुलीच्या खाचेचे. तसे स्क्रू 1930च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आले. एखादा स्क्रू मागाहून बदललेला असू शकतो, पण इथे सगळेच तसले होते, लाकूड मागून पांढुरकं होतं आणि काचेवरचे काळे ठिपके मध्यापासून कडेपर्यंत सारखे शिंपडलेले होते. ओल नेहमी कडेने आत शिरते. त्यामुळे खरा जुना आरसा आधी खालच्या काठाला आणि कोपऱ्यांत काळवंडतो आणि डाग आत सरकताना विरळ होत जातात. सगळीकडे सारखे डाग म्हणजे ॲसिडने केलेलं काम. काकांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी पोराला हाक मारून तुळयांच्या मागून गोणपाटात गुंडाळलेला दुसरा आरसा काढायला लावला.

तोच आमच्या घरी आला. चौकट साधी, चार इंच रुंद, जुन्या सागाची. मागे फळ्या, चुका गंजलेल्या, फळ्यांमधल्या फटींतून धूर आणि धूळ जाऊन काचेच्या पाठीवर उभे काळपट पट्टे उमटलेले. समोरून पाहिलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग गेलेला, बाकी काच स्वच्छ. मी डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवलं तेव्हा आरशात दिसणारी वखारीच्या दाराची सरळ चौकट किंचित लाटेसारखी हलली. आजची सपाट फ्लोट काच बनवण्याची पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली. त्याआधीच्या साध्या काचेत ही लाट असते. घासून-पॉलिश केलेली महागडी जुनी काच मात्र सपाट असू शकते, म्हणून लाट नाही एवढ्यावरून आरसा नाकारू नये.

पैलूवरून बोट फिरवणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. हाताने घासलेला पैलू उथळ असतो, कुठे सुरू होतो ते बोटाला नीट कळत नाही, कोपऱ्यात दोन पैलूंची रेघ थोडी इकडेतिकडे जाते. यंत्राच्या पैलूची धार लगेच लागते. नाणं काचेला टेकवून नाणं आणि प्रतिबिंब यांच्यातली फट बघण्याची युक्तीही लोक सांगतात. तिच्याने काच किती जाड आहे ते कळतं, वय कळत नाही.

लाकडाला छोटी भोकं असतील तर घाबरू नका. चौकट पांढऱ्या कागदावर ठेवून ठोका. पिठासारखा भुगा पडला तर कीड जिवंत आहे, तो आरसा घरात नेऊ नये, नाहीतर शेजारचं कपाटही पोखरेल. जुन्या सागाला कीड सहसा लागत नाही. भुगा पडला तर बऱ्याचदा पट्टी हलक्या लाकडाची निघते.

अमळनेरला खरेदी काही झाली नाही, पण शिकायला तिथेच मिळालं. ओळखीतून एका वाड्यात गेलो. तिथल्या आजींनी आधी चहा दिला, मग त्यांची फणेरपेटी उघडून दाखवली. झाकणाच्या आतला आरसा वीतभर, कडेने काळा, खाली कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. सदरेवरचा मोठा आरसा भिंतीला चिकटलेला नव्हता. खाली दोन लाकडी खुंट्यांवर टेकलेला आणि वरून दोरीने पुढे झुकवलेला. आजी म्हणाल्या, "बेटा, समदे गादीवर बसायचे ना, मग उभ्या माणसासाठी आरसा कशाला?" झुकवल्याने मागे हवा खेळते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल काचेला लागत नाही, हा फायदा वेगळा. तो आरसा विकायचा का, असं आम्ही विचारलं नाही. जे घर नांदतं आहे तिथे तसं विचारू नये, असं मला मनापासून वाटतं.

अमळनेर-धरणगाव-एरंडोल पट्ट्यात वाडे अजून आहेत, वेळ असेल तर हळूहळू जावं. जळगावात मोठ्या दुकानांत जुन्या वळणाचं नवं फर्निचर जास्त दिसलं, आम्ही लवकर निघालो. भुसावळचा माल वेगळा. रेल्वेची मोठी वसाहत, तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबंही राहायची, त्यामुळे वाड्यातले आरसे कमी आणि तीन पाखांचे ड्रेसिंग टेबल, टोपी-कोट अडकवायच्या स्टँडचे आरसे जास्त. बोळासाठी असा स्टँडमधला लंबगोल आरसा मिळाला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी भुसावळ चुकवू नये, हे आरसे आकाराने झेपतात.

भाव करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. वखारवाला चौकटीचा हिशेब लाकडावर करतो, सागाच्या घनफुटावर. डागाळलेल्या काचेची किंमत त्याच्या लेखी जवळपास शून्य असते. तो आपणहून म्हणेल, नवी काच टाकून देतो. नको म्हणा. जुन्या काचेतली प्रतिमा मऊ दिसते, दुपारच्या उन्हात डोळ्यांवर येत नाही, आणि ती काच एकदा भंगारात गेली की उरते नुसती चौकट. दाढी करायला, टिकली लावायला आरसा हवा असेल तर नवा वेगळा घ्यावा. पुन्हा चांदी चढवून घेण्याचाही मोह टाळावा, काच अगदीच आंधळी झाली असेल तरच त्याचा विचार करा.

परदेशातल्या बहिणीला पाठवायला कुणी घेत असेल तर थांबा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

आणताना आरसा कधीही आडवा झोपवू नका. खड्ड्यात गाडी आदळली की काच मधोमध तडकते. आम्ही काचेवर चिकटपट्टीची फुली मारली, दोन गोधड्यांत गुंडाळून छोट्या टेम्पोत उभा बांधला आणि खाली जुनी गादी टाकली. टांगण्याआधी वजन काढा. एक चौरस मीटर काच जाडीच्या दर मिलीमीटरला अडीच किलो भरते. आमची पाच मिलीमीटरची, साधारण एक चौरस मीटर, म्हणजे नुसती काच साडेबारा किलो, वर सागाची चौकट. त्याला एक खिळा पुरत नाही. विटांच्या भिंतीत दोन जाड फिशर-बोल्ट घ्या, आणि चौकटीच्या जुन्या कड्यांवर भरवसा न ठेवता सुताराकडून मागे नव्या पट्ट्या मारून घ्या.

खिडकीच्या बरोबर समोर लावला की पश्चिमेचं ऊन सरळ डोळ्यांत येतं. खिडकीला काटकोनातली भिंत बरी. बाथरूममध्ये तर नकोच, वाफेने उरलेली चांदीही जाईल. पुसताना फवारा काचेवर मारू नका, तो ओघळून चौकटीच्या खाचेत जातो आणि तिथूनच नवे डाग सुरू होतात. मलमलीचं फडकं किंचित ओलं करून मधून कडेकडे पुसायचं, मग कोरडं फडकं फिरवायचं, आणि काठापासून दोन बोटं जागा कोरड्या फडक्यानेच पुसायची.