दोन किंवा त्याहून कमी चुका

रहस्यकथेचा पुढचा भाग येणार म्हटले की वाचकाला आनंद होतो. कोड्याचा पुढचा भाग येणार म्हटले की मला आधी धास्ती वाटते. कथेतला गुप्तहेर पुन्हा भेटला, तर त्याचा तुसडेपणा, त्याच्या सवयी, त्याचे ठरलेले बोलणे हे सारे जसेच्या तसे असावे अशीच आपली अपेक्षा असते. कोड्याचे तसे नाही. कोडे घालणाऱ्याच्या डोक्याची ठेवण एकदा कळली की त्याच्या नव्या कोड्यातही आपण जुन्या पायवाटेने चालू लागतो, आणि मग उत्तर सापडते पण मजा सापडत नाही. म्हणूनच २०२२ साली आलेल्या ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’ या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग, ‘द राइज ऑफ द गोल्डन आयडल’, १२ नोव्हेंबर २०२४ रोजी आला तेव्हा मी तो लगोलग विकत घेतला खरा, पण उघडण्यासाठी रविवारपर्यंत थांबले. रविवारी भाचा जेवायला येतो.

भाचा साताऱ्याचा. राज्यसेवेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, आठवडाभर अभ्यासिकेत बसतो आणि रविवारी आमच्याकडे कोथरूडला येऊन आठवडाभराचे जेवतो. त्याच्या पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमापनाचे प्रश्न असतात: सहा जण गोल टेबलाभोवती बसले आहेत, अ हा ब च्या लगेच डावीकडे आहे, क च्या समोर ड नाही, तर इ च्या शेजारी कोण? असल्या प्रश्नांनी वैतागलेला हा मुलगा रविवारी स्वखुशीने माझ्या लॅपटॉपसमोर बसून दोन-दोन तास नेमके तेच करतो, आणि उठवले तर चिडतो.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर तो शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’चाच एक अतिशय खुनशी अवतार आहे. लॅटव्हियातल्या क्लाविन्श आडनावाच्या दोन भावांनी तो बनवला. पडद्यावर एक दृश्य असते, ते एखाद्या मृत्यूच्या आसपासच्या क्षणी थबकलेले असते, आणि त्यातली माणसे एकाच इवल्याशा हालचालीत अडकून पडलेली असतात. आपण कोणाचेही खिसे तपासावेत, कपाटे उघडावीत, टेबलावरची पत्रे वाचावीत, भिंतीवरचे फलक न्याहाळावेत. या तपासातून शब्द हाती लागतात: नावे, वस्तू, जागा, क्रियापदे. मग घडलेल्या प्रसंगाचा एक परिच्छेद समोर येतो, त्यातल्या कळीच्या जागा रिकाम्या असतात आणि त्या त्या शब्दांनी भरायच्या असतात. पहिल्या भागात असे बारा मृत्यू होते, अठराव्या शतकातले, आणि त्या सगळ्यांतून चमत्कारी शक्ती असलेल्या एका सोन्याच्या मूर्तीचा व तिच्यासाठी हपापलेल्या लोकांचा काही दशकांचा इतिहास उलगडत जात होता.

कोड्यांचे खेळ पूर्वीही खूप होते. जपानमध्ये २००७ साली सुरू झालेली प्रोफेसर लेटनची मालिका मला आजही आवडते. तिच्यातली कोडी अकिरा तागो या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तयार झाली होती आणि एकेक कोडे खरोखर देखणे होते. पण तिथे गावातल्या रहस्याचा आणि कोड्याचा संबंध बेताचाच असे. प्राध्यापकमहाशय कोणाला रस्ता विचारायला जात आणि तो गृहस्थ आधी काड्यापेटीच्या काड्यांचे कोडे घालत असे. गोल्डन आयडलमध्ये घटना हेच कोडे आहे. या घराण्याचा खरा पूर्वज म्हणजे लुकस पोप यांचा २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. त्यात १८०७ साली रिकामे परत आलेल्या एका जहाजावरच्या साठ जणांचे काय झाले, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाच्या भूमिकेतून शोधायचे असते, आणि तीन जणांची उत्तरे बरोबर आली की मगच खेळ ती मान्य करतो.

मूळ खेळातले दृश्य इथे वर्णन केले तर कोणाचे तरी कोडे फुटेल, म्हणून मी आणि भाच्याने मिळून रचलेले एक सांगते. नवी पेठेतल्या एका तीन मजली इमारतीचा जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक तरुण आडवा पडला आहे. त्याच्या पिशवीत औषधाची बाटली आणि ‘पेंडसे, तिसरा मजला’ असे लिहिलेली मेडिकलची पावती. तळमजल्यावर ‘लिफ्ट ता. १२ ते १४ बंद’ अशी पाटी. शेजारी जिना धुण्याच्या पाळ्यांचा तक्ता: मंगळवार पेंडसे, गुरुवार देशपांडे. उघड्या दारातून दिसणाऱ्या, रोज पान फाडायच्या कॅलेंडरवर मंगळवार, १३ तारीख. जिना ओला आहे आणि पायरीवर एक बादली आहे, जिच्या बुडाशी तैलरंगाने ‘देशपांडे’ असे रंगवले आहे. तिसऱ्या मजल्यावर पेंडशांच्या दारात एक बाई तोंडावर हात धरून उभ्या आहेत. आता सांगा, जिना कोणी धुतला आणि दारातल्या बाई कोण?

घाईचा खेळाडू तक्ता बघून म्हणतो पेंडशांनी धुतला, आणि दारातल्या त्या पेंडसे बाई. पण बादलीखाली दबलेली चिठ्ठी काढून पाहिली तर तिच्यात ‘आज आमच्याकडे पाहुणे आहेत, तुमची गुरुवारची पाळी मी करीन’ असे लिहिलेले आहे, आणि दारातल्या बाईंच्या पर्समध्ये सोलापूर ते स्वारगेट असे त्याच दिवशीचे एसटीचे तिकीट आहे. पेंडसे बाई दृश्यात आहेत, पण आतल्या खोलीतल्या आरशात, कपाळाला पट्टी बांधून झोपलेल्या. सगळी माहिती डोळ्यांसमोर लेखी होती. (या बाबतीत पुणे या खेळाला फारच सोयीचे आहे. इथे प्रत्येक तक्रार, पाळी, मनाई आणि अपमान पाटीवर लिहून भिंतीला लावलेला असतो. साक्षीदारांची गरजच नाही.)

हे सगळे तोलले जाते ते एका ओळीवर. परिच्छेद पूर्ण भरला आणि त्यात थोडीच गफलत असली, तर खेळ एवढेच सांगतो की चुका दोन किंवा त्याहून कमी आहेत. कोणत्या, ते सांगत नाही. माझ्या मते या दोन्ही भागांतली सर्वांत हुशार कारागिरी हीच आहे. चुकलेली जागा लाल करून दाखवली असती तर खेळाडूने एकामागून एक नावे टाकून पाहिली असती आणि विचार न करताच खून उकलला असता. काहीच सांगितले नसते तर माणूस रात्री अकरा वाजता लॅपटॉप मिटून झोपायला गेला असता. ‘दोन किंवा त्याहून कमी’ म्हटले की आपण उत्तराच्या दारात आहोत हे कळते, आणि आत्तापर्यंत खात्रीचे वाटणारे प्रत्येक विधान पुन्हा संशयित होते. मग आपण पुराव्याकडे परत जातो. मी बँकेच्या तपासणी विभागात काम करते. ताळेबंदात थोडक्या रुपयांचा फरक राहिला की आम्हा सगळ्यांना जी अस्वस्थता येते, तिचे मोल या दोन भावांनी ओळखले आहे. मोठा फरक सहज सापडतो, छोटा रात्र घालवतो. भाच्याचे दुःख वेगळे होते. “मावशी, आयोगानं पेपर गोळा करायच्या आधी एवढं एक वाक्य सांगितलं ना, तर मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही,” असे तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

नवा भाग अठराव्या शतकातून उडी मारून थेट १९७० च्या दशकात येतो. विगा आणि मेणबत्त्या जाऊन प्रयोगशाळा, कंपन्यांची कार्यालये आणि दूरचित्रवाणी येते. मूर्तीची जुनी कहाणी जग जवळजवळ विसरले आहे. ती आपल्याला मात्र आठवते, आणि माझी जी धास्ती होती तिचे उत्तर मला इथे मिळाले. इतर खेळांच्या पुढच्या भागांत नायकाची तलवार, ताकद, पैसे काढून घेऊन त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करता येते. या खेळात खेळाडूजवळ तलवार नसतेच. त्याची सगळी कमाई त्याच्या डोक्यात असते आणि ती कोणाला काढून घेता येत नाही. तेव्हा निर्मात्यांपुढे दोनच रस्ते उरतात: त्या ज्ञानाकडे दुर्लक्ष करावे, किंवा ते खेळाडूवरच उलटवावे. त्यांनी दुसरा निवडला. पहिला भाग खेळलेल्या माणसाला कोणताही विचित्र मृत्यू दिसला की तो म्हणतो, हे मूर्तीचेच काम. कधी ते असते. कधी कारण निव्वळ लोभाचे, मत्सराचे किंवा मूर्खपणाचे असते, आणि आपण चमत्काराच्या शोधात असल्यामुळे टेबलावरची साधी पावती वाचायची राहते. नवख्या खेळाडूला हा सापळा लागतच नाही. भाच्याने पहिला भाग माझ्या शेजारी बसून अर्धामुर्धाच पाहिला होता, आणि नेमके तेच त्याच्या पथ्यावर पडले. मी मूर्तीच्या शक्तीवर सिद्धान्त मांडत असताना तो निमूटपणे लोकांच्या खिशातल्या किल्ल्या मोजत होता.

दुसरी मोठी सुधारणा रचनेची आहे. आता प्रसंगांची प्रकरणे केली आहेत आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्यातल्या सगळ्या प्रसंगांना जोडणारा एक मोठा परिच्छेद भरावा लागतो. एकेक प्रसंग सोडवताना ‘हे कळले नाही तरी चालेल’ म्हणून बाजूला टाकलेला टेलिफोन किंवा नाव नसलेला माणूस या शेवटच्या परिच्छेदात हिशेब मागायला येतो. इथे तपास करणे आणि इतिहास लिहिणे यांतला फरक जाणवतो, आणि खेळ म्हणूनही हा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, हे मी नाइलाजाने मान्य करते.

नाइलाजाने अशासाठी की पहिल्या भागाचा चेहरा मला अधिक प्रिय होता. शब्दशः चेहरा. त्यातली माणसे ठसठशीत चौकोनी ठिपक्यांची, फुगलेल्या नाकांची, पिवळ्या दातांची, इतकी कुरूप होती की माझ्या बहिणीने एकदा पडदा बघून “हे काय घाणेरडं खेळता?” असे विचारून लॅपटॉपवर फडके टाकले होते. त्या कुरूपतेत एक न्याय होता: तिथे श्रीमंत, गरीब, सरदार, नोकर सारेच सारखे विद्रूप दिसत, त्यामुळे चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखण्याची सोय नव्हती. नव्या भागातली चित्रे रंगवल्यासारखी, मोठी आणि सफाईदार आहेत; हालचालीही मोकळ्या आहेत. लोक अजूनही सुंदर नाहीत, पण त्यांच्याकडे बघवते. मला हा तोटा वाटतो. भाच्याला वाटत नाही, आणि “तुला जुन्या पंख्याचा आवाजसुद्धा आवडतो,” असे म्हणून त्याने हा विषय संपवला.

शब्द गोळा करण्याचे कष्टही कमी झाले आहेत. वेगवेगळ्या चौकटी एकाच पडद्यावर मांडून काम करता येते, आणि एकामागून एक पाने उलटण्याचा जुना त्रास गेला आहे. याविषयी तक्रार करणे म्हणजे निव्वळ हट्टीपणा, म्हणून करत नाही.

तक्रार आहे ती मूर्तीबद्दल. पहिल्या भागानंतर २०२३ साली जी दोन जोडप्रकरणे आली, त्यांपैकी एक लंकेच्या राजदरबारात घडते, आणि ते खेळताना मला प्रथम वाटले होते की या भावांना मूर्तीची गरजच नाही. दरबारातले मत्सर, पदांची चढाओढ, भेटवस्तूंच्या नोंदी एवढ्यावर त्यांचे भागत होते. नव्या भागातही माझे आवडते प्रसंग तेच आहेत ज्यांत मूर्ती लांब कुठेतरी आहे आणि समोर फक्त माणसे, त्यांची कागदपत्रे आणि त्यांची खोटी बोलणी आहेत. चमत्कार आला की कोड्याचा नियम बदलतो. आणि नियम बदलला की खेळाडूला, तो किती का हुशार असेना, निर्मात्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून तिसरा भाग निघालाच तर त्यात मूर्ती नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक सहकारी गृहनिर्माण संस्था, तिची वार्षिक सर्वसाधारण सभा, इतिवृत्ताची वही आणि एक मृत खजिनदार, एवढे मला पुरे आहे.

हे मी जेवताना बोलून दाखवले. भाच्याने ताकाची वाटी संपवली आणि म्हणाला, “मावशी, नावातच गोल्डन आयडल आहे. मूर्ती काढली तर विकत कोण घेणार? तू एकटी.”

“आणि देशपांडे,” मी म्हटले. “त्यांना त्या गुरुवारच्या पाळीचा अजून राग आहे.”