मदरबोर्डचे कंडेन्सर बदलले, माझा अनुभव

आमच्या भाऊजींचं बेळगावच्या शहापुरात लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान आहे, मराठी कन्नड दोन्ही पत्रिका तिथंच सेट होतात आणि सगळं काम एका 2005 च्या पीसीवर, कारण सॉफ्टवेअरचं लॉक मागच्या प्रिंटर पोर्टला लागतंय आणि नव्या बोर्डांवर तो पोर्ट सहसा मिळतच नाही. ऐन लग्नसराईत तो पीसी त्रास द्यायला लागला. सकाळी चार-पाचदा बटण दाबायचं, फॅन फिरतोय पण स्क्रीन काळी, आणि चालू झालाच तर पत्रिका अर्धी असताना रिस्टार्ट. रॅम पुसून लावली, एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज देणारा डबा बदलून बघितला, काही फरक नाही. एका दुकानात नेला तर बोर्ड गेलाय म्हणाले, नीट बघितलं पण नाही, याचा मला खरंच राग आला.

घरी टॉर्च लावून बघितलं तर प्रोसेसरशेजारी पाच कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे डबे, 6.3 व्होल्ट 1500 मायक्रोफॅरडचे. त्यांच्या डोक्यावर खाच असते, आत गॅस झाला की तिथून फुटावं म्हणून. ते डोकं सपाट पाहिजे, इथं तिघांचं फुगलेलं आणि त्यातल्या एकावर तपकिरी खरपुडी. बाजारातून तोच आकडा बघून साधे तीन आणले, बसवले, दोन दिवस चाललं आणि परत तेच.

मग खानापूरला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडं बोर्ड घेऊन गेलो. ते म्हणाले, "आकडा बघितलास, पण लो ईएसआर आहे का ते बघितलास काय?" ईएसआर म्हणजे कंडेन्सरचा आतला रोध, तो कमी पाहिजे. 12 व्होल्टाचं प्रोसेसरला लागणारं दीड व्होल्टाच्या आतलं करताना तिथलं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं, साधा कंडेन्सर त्यात तापतो आणि व्होल्टेज हलतं. न फुगलेले दोन पण काढ म्हणाले, एकाच वयाचे आहेत ते. मग लो ईएसआर, 105 डिग्रीपर्यंत चालणारे पाच मुंबईहून कुरिअरनं मागवले, 8 एमएम जाडीचेच, नाहीतर पाय भोकात बसत नाहीत.

खरा घाम काढताना फुटला. माझं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न निगेटिव्हच्या पायाला पुरतच नव्हतं, आतले तांब्याचे थर सगळी उष्णता ओढून घेतात, पहिल्या वेळी तीन काढायला अख्खी दुपार गेली होती. काकांनी 60 वॅटचं दिलं, आधी जुन्या सोल्डरवर थोडं नवीन चढवायचं मग एकेक पाय हलवत काढायचा. भोक मोकळं करायला स्टीलची सुई, तिला सोल्डर चिकटत नाही. ड्रिल अजिबात लावू नका, भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर गेलं की बोर्ड संपला. आणि काढायच्या आधी फोटो काढा, कंडेन्सरवरचा पट्टा निगेटिव्हचा असतो पण बोर्डावरची निगेटिव्ह दाखवायला रंगवलेली बाजू काही कंपन्या उलटी छापतात, उलटा बसला तर फुटतो.

शॉर्ट नाही ना मीटरनं बघून बटण दाबलं. पहिल्या झटक्यात डिस्प्ले. भाऊजी काहीच बोलले नाहीत, तसेच खुर्चीवर बसले आणि निपाणीच्या पार्टीची अडकलेली पत्रिका रात्री अकराला प्रिंटला गेली.