सोमवारी बंद

बंगळुरात आम्ही पोचलो सोमवारी, आणि लालबाग रोडवरचं एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स हे जुनं हॉटेल, सोमवारी बंद असतं हे कळलं ते थेट बंद दारापुढे उभं राहिल्यावर. चूक माझीच. पण सहा वर्षांच्या भुकेल्या मनूला "उद्या येऊ" म्हणून सांगणं काय असतं, ते लेकुरवाळ्यांनाच विचारा. परतीच्या रिक्षात ती तोंड फुगवून बसली होती.

मंगळवारी सकाळी आठच्या आत गेलो तरी गर्दी होतीच. नाव सांगून बाकावर बसलो. एरवी हॉटेलात वाट बघायची म्हटली की आमच्याकडे मोबाइल निघतो. या वेळी तो नवऱ्याच्या खिशात ठेवला आणि गोष्ट सुरू केली. 1924 साली मैया बंधूंनी हे दुकान काढलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानकडे गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला. मग यांनी रव्याची इडली करून पाहिली. रवा इडली इथलीच, असं एमटीआरवाले सांगतात.

मनूने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग युद्ध संपल्यावर रव्याची बंद का नाही केली?"

"लोकांना आवडली असेल."

"मला नाही आवडणार."

आणीबाणीची गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, मनूला नाही. तेव्हा सरकारने पदार्थांचे भाव पाडायला लावले. दर्जा उतरवायचा नाही म्हणून यांनी तोटा सोसला आणि शेवटी हॉटेल बंद केलं. आपण घरी जी तयार पिठाची पाकिटं फोडतो, त्या धंद्याने जोर धरला तो त्याच काळात.

नाव पुकारलं. टेबल दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर वाटून घ्यायचं. लहान मुलांसाठी वेगळं मेनूकार्ड नाही, नूडल्स नाहीत. मला तर बरंच वाटलं. मुलांना वेगळं अळणी काहीतरी खाऊ घालायची आपली पद्धत मला कधी पटलेली नाही, आणि तरी घरी मी तेच करते.

रवा इडली आली. टम्म फुगलेली, मोहरी-कोथिंबीर दिसतेय, वर मधोमध एक काजू. सोबत बटाट्याचं सागू म्हणजे पातळ भाजी, चटणी आणि छोट्या वाटीत पातळ तूप. मनूने काजू उचलून खाल्ला आणि हात आखडता घेतला. वाढपीकाकांनी तिच्याकडे पाहिलं. "पुट्टी, सक्करे बेका?"

सक्करे तिला बरोब्बर कळलं. साखर! मी "नको, नको" म्हणेपर्यंत काका घेऊनही आले. तूप आणि साखर घालून तिने अख्खी इडली संपवली. सागूला बोटही लावलं नाही. मी चटणी पुढे केली तर काका हसून म्हणाले, "बेडा, बेडा." म्हणजे नको, तिला नको. मनूने ऐकलं 'वेडा'. कोण वेडा, यावर ती इतकी खिदळली की माझ्या कॉफीला धक्का लागला आणि शेजारच्या आजोबांच्या डोशाच्या ताटलीपर्यंत ओघळ गेला. मी ओशाळले. आजोबांनी नुसती ताटली उचलून धरली, फडकं फिरेपर्यंत तशीच हातात ठेवली, आणि डोसा खात राहिले.

दुसरी इडली मागवली. ती माझ्यासाठी होती. मला अर्धीच मिळाली, काजूशिवाय.

तिथून चालत लालबागेत गेलो. आतला उघडा खडक जवळपास तीनशे कोटी वर्षांचा आहे, त्यावर हे शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या नावाचा छोटा बुरूज आहे. धापा टाकत वर चढलो. शहर चारी बाजूंनी पसरलेलं. नवरा फोटो काढायला लागला. मनू खडकावर फतकल मारून बसली, तुपकट बोटं फ्रॉकला पुसली.

"आई, उद्या सोमवार नाहीये ना?"